नावांची यादी, आकड्यांची यादी

डॉक्टर : तुझं निमंत्रण मिळालं होतं. 'लोकसंख्येचे आरोग्य आणि पर्यावरण', दोन दिवसांचा परिसंवाद. मी आलो नाही, आणि का आलो नाही हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वीस-बावीस वर्षं मी असल्या कार्यक्रमांना नेमाने गेलो आहे. भोपाळ, इंदूर, नागपूर, आपलं ग्वाल्हेर, कुठेही जा, क्रम ठरलेला. आधी दीपप्रज्वलन. मग पाहुण्यांना शाल-श्रीफळ. मग ज्यांनी शाल दिली त्यांना शाल. पाऊण तास इथेच गेला. मग बीजभाषण. पडद्यावर जगाचा नकाशा, त्यात एक लालभडक ठिपका, तो ठिपका म्हणजे आपण. सभागृह वातानुकूलित, म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि आत चर्चा हवेची. दुसऱ्या दिवशी सहभागाची प्रमाणपत्रं. ती बढतीच्या गुणांना लागतात, आणि नॅकचं पथक येईल तेव्हा वर्षात किती कार्यक्रम झाले ते मोजून दाखवायचं असतं. या सगळ्यात दम्याचा रोगी कुठे बसतो? तो माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसतो. त्याला नकाशातला ठिपका माहीत नाही. रात्री तीन वाजता उठून उशांची चळत करून तिला टेकून बसावं लागतं, एवढं माहीत आहे.

प्राध्यापिका : शालींवरून मी तुमच्याशी भांडणार नाही, काका. मलाही गेल्या वर्षी चार मिळाल्या. पण त्या लाल ठिपक्यावर थांबू या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या यादीत ग्वाल्हेर जगात दुसरं होतं. इराणचं झाबोल पहिलं, मग आपण. पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धुलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची मर्यादा ४०. गावभर चर्चा झाली, दिल्लीहून पत्रकार आले. आता याच संघटनेची २०१४ची यादी काढा. तिथे ग्वाल्हेरला १४४ आहेत. म्हणजे दोन वर्षांत हवा एवढी बिघडली? नाही. दोन्ही याद्यांत जाड धुळीचा, पीएम १०चा आकडा एकच आहे, ३२९. पीएम २.५ त्या आकड्याला गुणून काढलेला आहे. आधी गुणक ०.४४च्या आसपास होता, पुढे तो ०.५३५ झाला. ३२९ला ०.५३५ने गुणून बघा, १७६ येतात. ज्या आकड्याने आपल्याला जगात दुसरं केलं तो ग्वाल्हेरच्या हवेत कुठल्या यंत्राने धरलेला नव्हता, तो गुणाकाराचा होता. ही गोष्ट मला वर्तमानपत्रात सापडली नाही, सरकारी पत्रकात तर नाहीच. एका परिसंवादात, जेवणाआधीच्या कंटाळवाण्या सत्रात, एका संशोधक मुलाने दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा कळली. तुम्ही तेव्हा उठून गेला असाल.

डॉक्टर : गेलोच असेन. पण तू माझीच बाजू भक्कम करते आहेस, हे तुझ्या लक्षात येतंय ना? दोन वर्षं तुम्ही सगळ्यांनी १४४ दाखवून लोकांना घाबरवलंत, मग १७६ दाखवून. २०१८ची यादी आली, तेव्हा जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांत भारतातली चौदा होती. कानपूर, फरीदाबाद, वाराणसी, गया, पार श्रीनगर आणि जोधपूरसुद्धा. ग्वाल्हेर त्यात नव्हतं. मी खिडकी उघडून पाहिलं. तीच धूळ, तेच टेम्पो, तोच डिसेंबर. आकडा आला तेव्हा आमच्या बाकावरची गर्दी वाढली नाही, आकडा गेला तेव्हा कमी झाली नाही. मग तुमच्या त्या 'लोकसंख्येच्या आरोग्याला' मी काय म्हणू? लोकसंख्या खोकत नाही, बाई. माणूस खोकतो. आणि त्याला नाव असतं.

प्राध्यापिका : नाव असतं, आणि तिथेच डॉक्टर आणि आमच्यासारखे वेगळे होतात. जेफ्री रोज नावाचे एक ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९८५मध्ये एका निबंधात एक साधा फरक केला. हा माणूस आजारी का पडला, हा एक प्रश्न. या गावात आजार इतका का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. ज्या गावात सगळेच सारखी धूळ खातात तिथे धूळ हे कारण डॉक्टरला दिसतच नाही, कारण दवाखान्यात आलेल्या आणि न आलेल्या माणसात त्या बाबतीत फरकच नसतो. डॉक्टरला दिसतं ते याचं बिडी ओढणं, त्याची आनुवंशिकता, तिची चूल. सगळ्यांना समान असलेलं कारण बघायचं तर गाव सोडून दुसऱ्या गावाशी तुलना करावी लागते, आणि ती बाकावर बसून होत नाही. रोज यांनी आणखी एक अडचण सांगितली. उद्या ग्वाल्हेरची धूळ दहा टक्क्यांनी खाली आली, तर काही माणसं वाचतील. पण कुठली वाचली ते कधीच कळणार नाही. तुमचा रोगी बरा झाला की दिवाळीला मिठाईचा डबा आणतो. धूळ कमी झाल्यामुळे जो आजारीच पडला नाही, त्याला आपण आजारी पडणार होतो हे ठाऊक नसतं. तो कुणाला डबा देणार? ज्या कामाचे आभार मानायला कुणी येत नाही, ते काम निदान मोठ्याने बोलून दाखवायची एक जागा लागते. ती जागा तुम्हाला शालींची वाटते.

डॉक्टर : हे छान बोललीस. रोज मी वाचले नव्हते, वाचेन. पण तू दिलेल्या याच न्यायाने आपल्याकडची दुसरी गोष्ट तपासू. मुरैना, भिंड, ग्वाल्हेर. शून्य ते सहा वयाच्या मुलांमध्ये मुलींचं प्रमाण मध्य प्रदेशात जिथे सगळ्यात कमी, त्या जिल्ह्यांत हे तिन्ही. गर्भलिंगनिदान-विरोधी कायदा १९९४चा. तेव्हापासून या विषयावर या पट्ट्यात जेवढी भाषणं झाली तेवढी बहुधा दुसऱ्या कशावर झाली नसतील. पथनाट्यं, शपथा, रांगोळी स्पर्धा. आणि देशाचा आकडा २००१मध्ये हजार मुलग्यांमागे ९२७ मुली होता, २०११मध्ये ९१९वर आला. अज्ञान नव्हतं गं. शिकलेल्यांना तर सोनोग्राफी कुठे होते हेही माहीत होतं. शपथ घेणाऱ्यांमध्ये माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, पहिल्या रांगेत उभे. दोन महिन्यांनी सुनेला घेऊन माझ्याकडेच आले. 'डॉक्टरसाहेब, जरा कुठे होईल का बघा.' मी हाकललं. ते रागावले नाहीत, दुसरीकडे गेले. सभागृहात माणूस समाज म्हणून टाळ्या वाजवतो आणि बाहेर पडताच घरचा कर्ता म्हणून निर्णय घेतो. तुझं व्याख्यान पहिल्याशी बोलतं. दुसऱ्याशी कोण बोलणार?

प्राध्यापिका : याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. पण एक वेगळेपण बघा. मुलगी नको हा निर्णय घरात होतो. धूळ किती असावी हा निर्णय कुठल्याच घरात होत नाही. तो महापालिकेत होतो, खाणीच्या पट्ट्यात होतो, निविदेत होतो. तिथे व्याख्यानाचा उपयोग मन वळवायला नसतो, हिशेब मागायला असतो. एक उदाहरण देते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९मध्ये सुरू झाला. २०१७च्या तुलनेत २०२४पर्यंत धुलिकण वीस ते तीस टक्क्यांनी कमी करायचे, असं ठरलं. पुढे लक्ष्य चाळीस टक्के झालं आणि मुदत २०२६पर्यंत गेली. यादीत ग्वाल्हेर आहे. पण शहराने काम किती केलं हे मुख्यतः पीएम १०वरून, जाड धुळीवरून बघितलं जातं. मग काय होणार? रस्ते झाडायची यंत्रं, पाण्याचे टँकर, फवारे. देशभरात या पैशाचा सर्वांत मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीवर गेला. पाणी मारलं की जाड कण खाली बसतो, आकडा उतरतो. बारीक कण, जो फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो, तो गाड्यांच्या धुरातून, कचरा जाळण्यातून, भट्ट्यांतून येतो. तो फवाऱ्याला भीक घालत नाही. म्हणजे आपण काय मोजायचं ठरवलं त्यावरून औषध ठरलं. हे कोण बोलणार? प्रदूषण मंडळ स्वतःच्या मोजमापाविरुद्ध बोलणार नाही. महापालिका स्वतःच्या टँकरविरुद्ध बोलणार नाही. न्यायालयासमोर कुणी प्रश्न नेला तरच ते बोलतं. 'हे मोजमाप चुकीच्या प्रश्नाचं आहे' असं पगारावर राहून, उघड, माइकवर म्हणता येईल अशी जागा या शहरात कितीशी आहे?

डॉक्टर : म्हणता येईल. पण म्हणतं कोण? वक्त्यांच्या यादीत मंडळाचे अधिकारी असतात, उद्घाटनाला मंत्री, आणि फलकावर खाली प्रायोजक. कडक बोलायचं ते चहाच्या वेळी, कोपऱ्यात, 'नाव घेऊ नका' असं सांगून. मला तर वाटतं चहाच्या वेळेचंच इतिवृत्त छापावं, बाकीचं जाऊ द्यावं. ते असो. मला मोठी अडचण दिसते ती दुसरी आहे. तुम्ही मोजता कुठे? सिटी सेंटर, दीनदयाल नगर, फूलबाग, महाराज बाडा. ही झाली यंत्रांची ठिकाणं. सगळी शहरातली. बिलौआला जा, काळा दगड फोडणारे क्रशर आहेत, झाडांची पानं तिथे राखाडी असतात. तिथला मजूर तुझ्या १७६मध्ये नाही, ३२९मध्ये नाही, कशातच नाही. तो माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या छातीच्या फोटोवर बर्फ पडल्यासारखे ठिपके असतात, आणि आधी कुणीतरी त्याला क्षयाची औषधं सहा महिने खाऊ घातलेली असतात.

प्राध्यापिका : हेच तर मांडायला या ना!

डॉक्टर : थांब, पुरतं ऐक. अलीराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी गुजरातेत गोध्रा, बालासिनोरकडे गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेले. परतले ते सिलिकोसिस घेऊन. त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २००६पासून होतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१०मध्ये भरपाईची शिफारस केली. २०१६मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. ते कशामुळे झालं? सरासरीमुळे नाही. गावोगाव फिरून कुणीतरी यादी केली. हा अमुक, याचा बाप तमुक, इतके महिने कारखान्यात, अमुक दिवशी गेला. २३८ नावं. सरासरीला वारस नसतात. नुकसानभरपाई नावाला मिळते. तुमचं शास्त्र काय करतं? आधी नाव पुसतं, मग मोजतं, मग मोजलेलं परदेशी नियतकालिकाला धाडतं. ज्याचं नाव पुसलं त्याला शेवटपर्यंत कळत नाही की आपल्यावर निबंध आहे.

प्राध्यापिका : पुसतो, कारण पुसलं नाही तर उद्या क्रशरचा मालक त्या यादीवरून बघून एकेकाला कामावरून काढेल. नाव भरपाई मिळवून देतं हे खरं. नाव भाकरीही घालवतं. पण शेवटी म्हणालात ते मला लागलं. आणि त्याचं उत्तर ग्वाल्हेरपेक्षा गडचिरोलीत चांगलं सापडेल. राणी आणि अभय बंगांनी १९८६मध्ये तिथे 'सर्च' सुरू केली, त्याच काळात दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. १९८९मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं. तुमच्या हिशेबाने गोष्ट इथे संपायला हवी. पण त्यांनी ते निष्कर्ष गावाकडे परत नेले. स्त्री-आरोग्याची जत्राच भरवली. जत्रा, परिसंवाद नव्हे. बायकांना कळलं की हे आपल्या एकटीच्या नशिबाचं नाही, दहातल्या नऊजणींचं आहे. 'माझ्या एकटीचं नाही' ही गोष्ट दवाखान्यात कधीच कळत नाही, काका. तिथे प्रत्येकजण पडद्याआड एकेकटा तपासला जातो. ती गोष्ट फक्त आकडाच सांगू शकतो. नाव पुसलेला आकडा.

डॉक्टर : ...हं. पण मग जत्रा भरव. विद्यापीठात का भरवतेस?

प्राध्यापिका : कारण जत्रेत 'मला माहीत नाही' असं म्हणता येत नाही. लोक औषध मागतात, आणि ते मागणारच. सभागृहात निदान म्हणता येतं. मघाचा तो संशोधक मुलगा. त्याने १७६ हा गुणाकार आहे एवढंच सांगितलं. खरा आकडा किती असेल, हे विचारल्यावर म्हणाला, सांगता येत नाही, मोजलेलाच नाही. सभागृहात कुजबुज झाली, एक ज्येष्ठ म्हणाले, मग आलात कशाला? मला तो त्या दोन दिवसांतला सर्वांत मोलाचा क्षण वाटला. आणखी एक बघा. तुम्ही नेहमी म्हणता ना, तिघरा धरणाचं पाणी आपण शंभरेक वर्षं पितोय, ते काही भाषणांतून आलेलं नाही, इंजिनिअर आणि तिजोरी यांनी आणलं.

डॉक्टर : म्हणतो. आणि खरंच आहे ते. विश्वेश्वरय्यांचे दरवाजे त्या धरणाला होते.

प्राध्यापिका : आणि ते धरण १९१७च्या ऑगस्टमध्ये फुटलं. पूर वरून गेला, बांधाचे प्रचंड तुकडे सरकून बाजूला पडले, खालच्या बाजूला माणसं वाहून गेली. १९२९मध्ये पुन्हा बांधलं. आज जगात कुठेही धरण का फुटतं हे शिकवताना ज्या घटनांच्या याद्या काढतात, त्यांत तिघरा असतं. पाणी किती चढलं, किती लांबीवरून गेलं, कुठला भाग कसा घसरला, सगळं लिहिलेलं. इंजिनिअर लोक आपलं अपयश अशा तऱ्हेने शंभर वर्षं चारचौघांत मांडत राहतात. आरोग्याच्या क्षेत्रात ही सवय आपल्याला नाही. इथून दोन-तीनशे मैलांवर भोपाळ आहे. वायुकांडानंतर सुरू झालेले वैद्यकीय संशोधन परिषदेचे अभ्यास १९९४मध्ये थांबवले गेले. माणसं तर त्यानंतरही धापा टाकतच होती. धरण फुटलेलं दिसतं, म्हणून बोलावं लागतं. फुप्फुस फुटलेलं दिसत नाही.

डॉक्टर : म्हणजे तुला परिसंवाद हवा तो शवविच्छेदनासारखा. उद्घाटन नको, तपासणी हवी. हे मी मान्य करीन. पण मग भाषेचं काय करशील? वक्ते इंग्रजीत, प्रश्न हिंदीत, आपण दोघं घरी मराठीत. या गावात मराठी व्याख्यानांना गर्दी व्हायची हे मी पाहिलंय. १९६१चं साहित्य संमेलन इथेच झालं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. आमच्या घरी पाहुणे उतरले होते, जिन्यात झोपले होते. तेव्हा ऐकणाऱ्याला वाटायचं की हे माझ्याशी बोलणं चाललंय. बिलौआच्या मजुराला तुझ्या सभागृहात तसं कधी वाटेल? त्याला आण, आणि तुझ्या वक्त्याला त्याच्यासमोर, त्याच्या बोलीत, तीस वाक्यांत बोलायला लाव. प्रमाणपत्र मजुराने द्यायचं. समजलं की नाही एवढंच त्यावर.

प्राध्यापिका : एका दिवसाची मजुरी बुडवून तो येईल, ऐकेल, आणि पहिलाच प्रश्न विचारेल : क्रशर बंद झाला तर मी काय खाऊ? तुम्ही असाल तिथे. काय सांगाल?

डॉक्टर : काही नाही सांगणार. मी इतकी वर्षं त्याला एवढंच सांगत आलो की काम सोड. तो मान हलवतो, फोटोचं पाकीट काखेत मारतो, सोमवारी परत कामावर जातो.

प्राध्यापिका : मग सभागृहात आणि दवाखान्यात फरक कुठे राहिला? दोन्हीकडे तो मान हलवतो. काका, एक विचारते, रागावू नका. तुमच्या दवाखान्यातल्या त्या जाड वह्या. नाव, वय, गाव, धंदा, तक्रार. तुम्ही पहिल्यापासून धंदा लिहून ठेवता हे मला ठाऊक आहे. बिलौआचे किती, कुठल्या वर्षी, किती वयाचे, हे या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे इतकं सलग नसेल. तिथे यंत्र नाही म्हणता. यंत्र तुमच्या कपाटात आहे. आणि त्याला कुलूप आहे.

डॉक्टर : त्या वह्या मी कुणाला दाखवलेल्या नाहीत. माणसं मला सांगतात ते मला सांगतात. विद्यापीठाला नाही.

प्राध्यापिका : नावं झाकून.

डॉक्टर : आत्ताच तर नावं पुसण्यावर मी तुझ्याशी भांडलो. आणि झाकली तरी गाव राहील, धंदा राहील, वय राहील. बिलौआतला बेचाळीस वर्षांचा, डाव्या हाताला चार बोटं असलेला दगडफोड्या गावात कोण ते सगळ्यांना माहीत असतं. उद्या निकाल उलटा लागला, क्रशरवर ठपका न येता बिडीवर आला, तर तोच कागद मालक पुढे करेल. तेव्हा तुझं सभागृह कुणाच्या बाजूला उभं राहील?

प्राध्यापिका : निकालाच्या. ते तुम्हाला आवडणार नाही, कदाचित मलाही नाही. पण आधीच कुणाच्या बाजूला उभं राहायचं ठरवून वह्या उघडायच्या असतील तर त्या बंदच असलेल्या बऱ्या. बोटांचं लिहिलेलं मी आधी झाकीन.

डॉक्टर : झाकायला एकेक ओळ वाचावी लागेल. अक्षर माझं आहे, तुला लागणार नाही.

प्राध्यापिका : म्हणजे तुम्हाला बसावं लागेल.

डॉक्टर : बसेन असं मी म्हटलेलं नाही. आणि त्या लोकांना विचारल्याशिवाय तर नाहीच. जे आहेत त्यांना विचारता येईल. जे गेले त्यांच्या घरी कोण जाऊन विचारणार, तू का मी?